समाजशास्त्राची पदवी आणि मधले नोकरीचे वर्ष : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे ब्रिटनमधील विद्यापीठांत समाजशास्त्र शिकणाऱ्या किंवा शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : पदवीच्या मध्येच येणारे नोकरीचे वर्ष, ज्याला तेथे ‘प्लेसमेंट इयर’ म्हणतात. मी हा विषय अनेक वर्षे शिकवला आहे आणि अशा वर्षावर गेलेल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या कामाच्या ठिकाणी जाऊन भेटलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला ब्रिटनमधील दोन विद्यापीठांत समाजशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश मिळत आहे. एका ठिकाणी अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, तर दुसरीकडे तो चार वर्षांचा असून तिसरे वर्ष नोकरीत काढायचे आहे. अभियांत्रिकीला असे असते हे आम्ही ऐकून होतो. समाजशास्त्राला त्याची काय गरज? एक वर्ष आणि तेवढा खर्च वाया तर जाणार नाही ना?

आपण म्हणता ते खरे आहे. ही पद्धत अभियांत्रिकीतूनच आली. इंग्लंडमधील संडरलंड येथील तंत्रमहाविद्यालयाने १९०३ साली असे अभ्यासक्रम सुरू केले, ज्यांत विद्यार्थी काही महिने वर्गात आणि काही महिने कारखान्यात असत. दोन अभ्याससत्रांच्या मध्ये कामाचा काळ, म्हणून त्यांना ‘सँडविच’ अभ्यासक्रम हे नाव पडले आणि ते आजही टिकून आहे. समाजशास्त्रापर्यंत ही पद्धत कशी पोहोचली, हे पाहिले की आपल्या शंकेचे बरेचसे उत्तर मिळते. सरे, बाथ, ब्रुनेल, लफबरो आणि ॲस्टन ही पाचही विद्यापीठे आधी प्रगत तंत्रशिक्षणाची महाविद्यालये होती. उच्च शिक्षणाविषयीच्या १९६३च्या रॉबिन्स समितीच्या अहवालानंतर, १९६६ साली, त्यांना विद्यापीठाची सनद मिळाली. या संस्थांनी सामाजिक शास्त्रांचे विभाग उघडले तेव्हा विद्यार्थ्याने मध्येच बाहेर जाऊन काम करायचे असते, ही सवय त्या विभागांतही आली. ब्रुनेलमधील सामाजिक शास्त्रांची शाखा एलियट जॅक्स यांनी उभारली, आणि त्याआधी त्यांनी १९४८पासून ग्लेसियर मेटल या लंडनमधील कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या संबंधांचा दीर्घ अभ्यास केलेला होता. समाजशास्त्रातले नोकरीचे वर्ष हे अलीकडे जाहिरातीसाठी जोडलेले शेपूट आहे, असे समजण्याचे कारण नाही.

आता गरजेविषयी. समाजशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम काम, वर्ग, संघटना, नोकरशाही, लिंगभावानुसार होणारी श्रमविभागणी यांच्याविषयी असतो; आणि तो शिकणारी वीस वर्षांची मुले-मुली बहुधा कुटुंब आणि शाळा या दोनच संस्था आतून ओळखत असतात. ज्याने कधी हजेरीपटावर सही केली नाही, वरिष्ठांचा रोष सोसला नाही, बैठकीत कोणाचे बोलणे ऐकले जाते आणि कोणाचे ऐकल्यासारखे केले जाते हे पाहिले नाही, त्याला जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांची नोकरशाहीची मांडणी पाठ होते, पण कळत नाही. माझ्या मते या वर्षाचे खरे मोल एवढेच आहे, आणि ते पुष्कळ आहे. नोकरी मिळणे सोपे होते हा लाभही खरा, परंतु केवळ त्यासाठी एक वर्ष वाढवावे असे मी सांगणार नाही.

खर्चाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. इंग्लंडमध्ये तेथील रहिवासी विद्यार्थ्यांसाठी नोकरीच्या पूर्ण वर्षाचे शुल्क कमाल वार्षिक शुल्काच्या २० टक्क्यांपर्यंतच आकारता येते. परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना ही मर्यादा लागू नाही; त्यांचे शुल्क विद्यापीठ ठरवते, आणि ते संस्थेगणिक बरेच बदलते. म्हणून प्रवेश स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी विद्यापीठाकडून लेखी मागवाव्यात : त्या वर्षाचे शुल्क किती, त्या वर्षाचे गुण अंतिम श्रेणीत धरले जातात की केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी नोंद होते, आणि नोकरी न मिळाल्यास तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात परतता येते का. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जिथे मोघम मिळेल, त्या ठिकाणाविषयी पुन्हा विचार करावा.

नोकरी शोधून देणे ही विद्यापीठाची जबाबदारी असते, असा अनेक पालकांचा समज आहे. तसे नसते. विद्यापीठ जाहिराती दाखवते, अर्ज तपासून देते, मुलाखतीचा सराव करून घेते. जागा मात्र विद्यार्थ्याला स्वतःच मिळवावी लागते.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षीच्या जागांसाठी अर्ज सुरू झाले आहेत, पण एकाही जाहिरातीत ‘समाजशास्त्र’ हा शब्द दिसत नाही. मी कोठे अर्ज करावा?

हा शब्द दिसणार नाही, कारण समाजशास्त्र हे एका पदाचे नाव नाही. शोध घेताना विषयाचे नाव बाजूला ठेवा आणि कामाचे नाव शोधा : संशोधन साहाय्यक, धोरण साहाय्यक, सर्वेक्षण, मनुष्यबळ, ग्राहक अभ्यास, समुदाय संपर्क, मूल्यमापन. अशी कामे स्थानिक परिषदा (आपल्या नगरपालिकांसारख्या), कमी भाड्याची घरे पुरवणाऱ्या गृहनिर्माण संस्था, राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालये, स्वयंसेवी संस्था, बाजार-संशोधन करणाऱ्या कंपन्या आणि मोठ्या उद्योगांचे भरती विभाग या सर्वांकडे असतात. ब्रिटिश सरकारच्या समाजसंशोधन सेवेकडेही विद्यार्थ्यांसाठी वर्षभराच्या जागा निघत आल्या आहेत. तेथे नागरिकत्वाचे आणि निवासाचे निकष असतात, म्हणून अर्जावर आठवडा घालवण्याआधी ते वाचावेत.

निवड करताना संस्थेच्या नावापेक्षा एकच गोष्ट पाहा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे : त्या खुर्चीवरून मला काय दिसेल? एखाद्या प्रसिद्ध कंपनीच्या मुख्यालयात वर्षभर सादरीकरणाची पाने सजवण्यापेक्षा एका लहान संस्थेत निधीचा अर्ज लिहिणे, लाभार्थ्यांशी बोलणे आणि विश्वस्तांच्या बैठकीचे इतिवृत्त ठेवणे हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला कितीतरी अधिक शिकवून जाते. नावाजलेल्या संस्थेचा पुढे उपयोग होतो हे मी नाकारत नाही. पण मुलाखतीत शेवटी तुम्ही काय केले हेच विचारले जाते, आणि तेव्हा सांगण्यासारखे काही असावे लागते.

अर्जात ‘मी समाजशास्त्र शिकतो, त्यामुळे मला समाज समजतो’ असे लिहू नका. दुसऱ्या वर्षात तुम्ही संशोधनपद्धती शिकला असाल. प्रश्नावली कशी तयार केली, एकाच प्रश्नाचे शब्द बदलल्यावर उत्तरे कशी बदलली, मुलाखतीचे लेखन करून त्यातून सूत्रे कशी काढली, सांख्यिकीच्या कोणत्या प्रणालीवर काम केले, हे सारे साध्या वाक्यांत लिहा. नियोक्त्याला सिद्धांताचे नाव नको असते, पण सिद्धांत शिकलेल्या माणसाचे कौशल्य हवे असते.

मोठ्या संस्थांच्या जागा शरद ऋतूतच भरू लागतात, तर लहान संस्था बऱ्याचदा वसंत ऋतूपर्यंत, कधी उन्हाळ्यापर्यंत, निर्णय घेत नाहीत. मार्चमध्ये हाती काही नाही म्हणून धीर सोडू नये. जाहिरात न काढलेल्या संस्थेला पत्र लिहून विचारणेही तेथे गैर मानले जात नाही.

प्रश्न : मी एका स्थानिक परिषदेच्या गृहनिर्माण विभागात तीन महिन्यांपासून प्लेसमेंटवर आहे. बेघर म्हणून मदत मागणाऱ्यांचे अर्ज संगणकात भरणे, रकाने तपासणे आणि दर आठवड्याला तक्ता करून वरिष्ठांना देणे एवढेच माझे काम आहे. दोन वर्षे मार्क्स, वेबर, फूको वाचले. येथे त्यांचा काही संबंध दिसत नाही. वर्ष वाया जात आहे असे वाटते.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण ज्या जागेला तुम्ही कंटाळला आहात ती जागा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या उत्तम जागांपैकी एक आहे, असे मला मनापासून वाटते. तुम्ही भरत असलेल्या रकान्यांकडेच एकदा पाहू या.

इंग्लंडमध्ये बेघर कोण, हे रस्त्यावर पाहून ठरत नाही. ते कायद्याने ठरते. १९७७च्या कायद्याने बेघरांना निवारा मिळवून देण्याचे कर्तव्य स्थानिक परिषदांवर टाकले, आणि त्याच कायद्याने त्या कर्तव्याला कुंपणही घातले. ज्यांची ‘प्राधान्याची गरज’ आहे, म्हणजे पदरी लहान मुले असलेली कुटुंबे, गर्भवती स्त्रिया, वय किंवा आजार यांमुळे दुर्बल झालेल्या व्यक्ती, त्यांच्याबाबत पूर्ण कर्तव्य. धडधाकट एकट्या माणसाबाबत तसे नाही. शिवाय ‘हेतुपुरस्सर बेघर’ अशी एक वर्गवारी आली, जिच्यात मोडणाऱ्याने आपले घर आपल्याच कृतीने गमावले असे मानले जाते. म्हणजे तुमच्या पडद्यावरील एका रकान्यात मदतीस पात्र गरीब आणि अपात्र गरीब असा जो भेद आहे, तो इंग्लंडच्या जुन्या दारिद्र्य-कायद्यांपासून चालत आलेला नैतिक भेद आहे. तो तुम्ही रोज, एका टिचकीने, नोंदवत आहात. २०१७ साली झालेला आणि एप्रिल २०१८पासून लागू झालेला कायदा पुढे आला, आणि घर जाण्याचा धोका किती दिवसांवर आला असता परिषदेने हालचाल करायची ती मुदत २८ दिवसांवरून ५६ दिवसांवर गेली. या एका बदलाने काय झाले असेल, याचा विचार करा. शहरात एकाही माणसाचे घर जास्त गेले नाही, तरी तक्त्यातील आकडा बदलू शकतो. तुमचा साप्ताहिक तक्ता बेघरपणाइतकाच परिषदेच्या कर्तव्याच्या व्याख्येचाही तक्ता आहे. हे ज्याला कळले, त्याला पुढे कोणतेही सरकारी आकडे भाबडेपणाने वाचता येत नाहीत.

आता वेबर. लेखी नियम, फाइल, पदांची उतरंड आणि माणूस न पाहता प्रकरण पाहण्याची शिस्त, हे सारे तुमच्या कार्यालयात आहे. पण वेबरच्या आदर्श चित्रात जे पुसट आहे, तेही तेथेच आहे : समोर बसलेल्या अधिकाऱ्याचा स्वतःचा निर्णय. अमेरिकी अभ्यासक मायकेल लिप्स्की यांनी १९८०मध्ये मांडले की, शिक्षक, पोलिस, कल्याण-कार्यालयातील कर्मचारी अशी जी माणसे नागरिकांना प्रत्यक्ष भेटतात, त्यांचे रोजचे निर्णय आणि कामाचा बोजा सावरण्यासाठी त्यांनी शोधलेल्या वाटा हेच व्यवहारात धोरण ठरते. तुमच्या विभागात ही गोष्ट तपासून पाहता येईल. समजा, बहिणीशी भांडण झाल्यावर एकाने तिचे घर सोडले. त्याने घर ‘स्वतःहून सोडले’ की त्याला ‘निघून जाण्यास सांगितले’? एकाच घटनेची ही दोन वाक्ये आहेत आणि दोन्हींचे परिणाम निरनिराळे आहेत. अनुभवी सहकारी कोणते वाक्य लिहितात, अर्जदाराला पुढचा प्रश्न कोणत्या सुरात विचारतात, कोणत्या कथेला पुरावा मागतात आणि कोणत्या कथेवर न मागता विश्वास ठेवतात, हे पाहा. संधी मिळेल तेव्हा साधेपणाने विचारा, ‘हे तुम्ही या रकान्यात का टाकले?’ नवख्याला असा प्रश्न विचारण्याची मुभा असते. वर्षाच्या शेवटी ती राहत नाही.

कामाचे ठिकाण साधे आहे म्हणून तेथून काही मोठे दिसत नाही, या समजुतीला उत्तर म्हणून समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांचे उदाहरण पुरेसे आहे. १९४९च्या अखेरीस हा तरुण संशोधक एडिंबरा विद्यापीठाच्या आधारे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांपैकी अन्स्ट या लहान बेटावर गेला आणि तेथील हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याने भांडी धुण्याचेही काम केले. जेवणघरात पाहुण्यांसमोर अदबीने वावरणारी माणसे दार ओलांडून स्वयंपाकघरात आली की त्यांचे बोलणे, चालणे, अन्नाला हात लावणे कसे बदलते, हे त्याने त्या जागेवरून पाहिले. माणसांच्या व्यवहाराला ‘दर्शनी भाग’ आणि ‘मागचा भाग’ असतात, ही त्याची प्रसिद्ध मांडणी त्या निरीक्षणांवर उभी आहे. तुमच्या कार्यालयातही अर्जदारांसाठीची खिडकी आहे आणि चहाची खोली आहे.

प्रत्यक्ष करण्याच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. रोज संध्याकाळी वीस मिनिटे स्वतःची दैनंदिनी लिहा. तिच्यात अर्जदारांची किंवा सहकाऱ्यांची नावे, पत्ते, ओळख पटेल असा कोणताही तपशील नको. (या दैनंदिनीचा उपयोग कोठवर करता येतो, हे पुढच्या उत्तरात आहे, ते अवश्य वाचा.) पहिल्या आठवड्यात जे शब्द कळले नव्हते, जी रीत विचित्र वाटली होती, ती आठवून आधी लिहून काढा. तीन महिन्यांत तुम्ही त्या जागेला सरावला आहात आणि सरावलेला डोळा फार कमी पाहतो. ते पहिले नवखेपण पुसट होण्याआधी कागदावर उतरले पाहिजे. त्यानंतर वरिष्ठांना भेटून नेमकी मागणी करा. ‘मला अधिक चांगले काम द्या’ या वाक्याचा उपयोग होत नाही. ‘महिन्यातून दोन मुलाखतींना मागे बसून ऐकू का’ किंवा ‘या तक्त्यात मागील पाच वर्षांचे आकडे जोडून एक टिपण तयार करू का’ असे विचारले, तर बहुतेक वरिष्ठ हो म्हणतात, कारण त्यात त्यांचेही काम हलके होते. आणि एवढे करूनही सहा महिन्यांनंतर फक्त आकडे भरणेच उरले, तर विद्यापीठातील तुमचे प्लेसमेंट-मार्गदर्शक भेटीला येतील तेव्हा त्यांना स्पष्ट सांगा. वर्षाच्या आरंभी जो शिकण्याचा करार झाला असेल, तो त्या वेळी समोर ठेवा. वरिष्ठांना राग येईल या भीतीने विद्यार्थी गप्प बसतात आणि जूनमध्ये तक्रार करतात, तेव्हा आमच्या हाती काही उरलेले नसते.

प्रश्न : माझ्या कामाच्या ठिकाणी मी सुरुवातीपासून सविस्तर नोंदी ठेवल्या आहेत. सहकाऱ्यांचे बोलणे, बैठकांतील वाद, सर्व काही. चौथ्या वर्षाच्या प्रबंधासाठी ही सामग्री वापरता येईल का? सहकाऱ्यांना याची कल्पना नाही.

आज आहे त्या स्थितीत वापरता येणार नाही. हे उत्तर तुम्हाला निराश करील याची मला जाणीव आहे. म्हणून कारणे पूर्ण सांगतो.

ओळख लपवून कामावर जाणे आणि मग त्याविषयी लिहिणे, याचा ब्रिटनमध्ये जुना इतिहास आहे. लंडनच्या गरिबीची जी मोठी पाहणी चार्ल्स बूथ यांनी चालवली होती, तिच्यात साहाय्य करणाऱ्या बीॲट्रिस पॉटर, ज्या पुढे बीॲट्रिस वेब म्हणून प्रसिद्ध झाल्या, त्या १८८८मध्ये वेष बदलून पूर्व लंडनमधील शिवणकामाच्या दुकानांत विजारी शिवण्याचे काम करायला गेल्या आणि तो अनुभव त्यांनी त्याच वर्षी छापला. मिरियम ग्लक्समन या समाजशास्त्रज्ञ एका कारखान्याच्या जुळणी-साखळीवर काही महिने इतर स्त्रियांबरोबर काम करीत होत्या. त्यांचे पुस्तक १९८२मध्ये निघाले ते रूथ कॅव्हेंडिश या टोपणनावाने, कारखान्याची ओळख झाकून, कारण बदनामीच्या खटल्याचा धोका होता. स्वतःच्या नावाने ते पुन्हा छापले गेले ते बऱ्याच वर्षांनी. या अभ्यासांनी ज्ञानात मोलाची भर घातली. तरीही पॉटर यांनी जे केले त्याला आज कोणतेही विद्यापीठ पदवीच्या विद्यार्थ्यास परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे, असे माझे मत आहे.

तुमचे सहकारी तुमच्याशी बोलले ते सहकारी म्हणून. पगाराविषयी, साहेबांविषयी, घरच्या अडचणींविषयी कोणी मन मोकळे केले असेल, तर ते शेजारी बसणाऱ्या मुलाकडे केले, संशोधकाकडे नव्हे. नाव बदलले म्हणून त्या विश्वासाचा भंग मिटत नाही, कारण बारा माणसांच्या कार्यालयात ‘एक अनुभवी कर्मचारी’ म्हणजे कोण, हे तेथील प्रत्येकाला कळते. १९५१मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश समाजशास्त्र परिषदेची नैतिक आचारतत्त्वे माहितीपूर्ण संमतीवर भर देतात, आणि गुप्त निरीक्षणाला केवळ अन्य मार्ग नसेल अशा अपवादात्मक स्थितीत जागा ठेवतात. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी सामग्री गोळा करण्याआधी घ्यावी लागते. गोळा करून झाल्यावर मागाहून ती मिळत नाही.

मार्ग मात्र बंद झालेला नाही. तुमच्या नोंदी तुमच्या विचारांसाठी आहेत. त्यांतून प्रश्न काढा, उत्तरे काढू नका. तो प्रश्न घेऊन आताच मार्गदर्शकांना भेटा, नैतिकता समितीची परवानगी घ्या, संस्थेची लेखी अनुमती घ्या, आणि मग प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र संमती घेऊन नव्याने मुलाखती करा. वरिष्ठांनी परवानगी दिली म्हणजे कनिष्ठांची संमती मिळाली असे नाही. उलट साहेबांनी सांगितले म्हणून बोलायला बसलेल्या माणसाची संमती कितपत खरी, हा प्रश्न प्रबंधात प्रामाणिकपणे चर्चिला पाहिजे. माझ्या एका विद्यार्थिनीपुढे नेमकी तुमच्यासारखीच अडचण आली होती. तिच्या नोंदी उत्कृष्ट होत्या आणि त्या बाजूला ठेवा असे सांगताना मलाही वाईट वाटले. तिने मग सर्वांसाठी खुली असलेली सभांची इतिवृत्ते आणि वार्षिक अहवाल घेतले आणि एक शब्द दहा वर्षांत कसा अर्थ बदलत गेला, एवढ्याच विषयावर प्रबंध लिहिला. कोठे पाहायचे हे तिला कामावर असल्यामुळेच कळले होते.

आणखी एक, आणि हे अत्यंत गंभीर आहे : संस्थेची कागदपत्रे, ग्राहकांची माहिती, अंतर्गत ईमेल यांतील काहीही स्वतःच्या संगणकावर पाठवू नका. विदा (वैयक्तिक माहिती) संरक्षणाचा कायदा तेथे कडक आहे, आणि या एका चुकीने प्लेसमेंट त्याच दिवशी संपू शकते.

प्रश्न : मी परदेशी विद्यार्थी म्हणून शिकत आहे. एका स्वयंसेवी संस्थेने वर्षभराची बिनपगारी जागा देऊ केली आहे. स्वीकारावी का? व्हिसाची काही अडचण येते का?

विद्यार्थी-व्हिसावर पूर्णवेळ प्लेसमेंट करता येते, परंतु ती अभ्यासक्रमाचा अविभाज्य आणि मूल्यमापन होणारा भाग असावी लागते. पदवी पातळीवर तिचा काळ साधारणपणे एकूण अभ्यासक्रमाच्या निम्म्याहून अधिक असून चालत नाही. चार वर्षांतील एक वर्ष या मर्यादेत सहज बसते. तुमचा मूळ प्रवेश तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला असेल, तर मात्र काहीही स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला भेटा, कारण तुमच्या व्हिसाची मुदत त्या तीन वर्षांवर बेतलेली असते.

पगाराविषयी वस्तुस्थिती अशी की, उच्च शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या, एक वर्षापर्यंतच्या प्लेसमेंटला ब्रिटनचा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. त्यामुळे बिनपगारी जागा बेकायदा नाही. पण वर्षभर घरभाडे भरत विनामोबदला पूर्णवेळ काम करणे ज्याला परवडते त्यालाच ही संधी मिळते, आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील विषमता समजावून सांगण्याची गरज नाही. मी तुम्हाला ती जागा आहे तशी स्वीकारा असे सांगणार नाही. प्रवासखर्च आणि निर्वाहभत्ता मागा, आठवड्याचे दिवस कमी होतील का विचारा, विद्यापीठाकडे अशा विद्यार्थ्यांसाठी साहाय्यनिधी आहे का पाहा. काहीच मिळाले नाही, तर नम्रपणे नकार देऊन पगारी जागा शोधत राहावे.

प्रश्न : मी एका मोठ्या कंपनीच्या भरती विभागात वर्ष काढून नुकतीच विद्यापीठात परतले. बरोबरच्या मैत्रिणी पदवी घेऊन गेल्या. तेथे माझ्या मताला किंमत होती, पगार होता. येथे पुन्हा निबंध लिहिणे जड जात आहे. कंपनीने पुढे नोकरी देण्याचे सूचित केले आहे, त्यामुळे अभ्यासावरून मन उडाले आहे. प्रबंधाला विषयही सुचत नाही.

परतल्यावर दोन-तीन महिने असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. जवळजवळ प्रत्येक वर्षी कोणीतरी माझ्या खोलीत येऊन हेच सांगत असे. मैत्रिणी निघून गेल्याचे दुःख मी लहान मानत नाही. तुमच्यासारखेच परतलेले इतर विषयांचे विद्यार्थी विद्यापीठात असतील. प्लेसमेंट कार्यालयाला सांगितले तर ते गाठ घालून देतात.

नोकरीचे सूचित करणे म्हणजे नियुक्तिपत्र नव्हे, आणि अनेक नियोक्ते पदवीची विशिष्ट श्रेणी मिळण्याची अट घालतात, एवढे लक्षात असू द्या.

विषय सुचत नाही असे तुम्ही लिहिता, पण तुमच्या मूळ पत्रातच तो आहे. तुम्ही लिहिले आहे की, एका चांगल्या उमेदवाराला नाकारताना ‘आपल्या संस्कृतीत बसणार नाही’ असे कारण दिले गेले आणि तेव्हा तुम्हाला अस्वस्थ वाटले. त्या अस्वस्थतेपाशी थांबा. ‘संस्कृतीत बसणे’ म्हणजे नेमके काय बसणे? उच्चार, शाळा, सुट्टीतील छंद, हसण्याची रीत? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बूर्द्यू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले, म्हणजे घरातून आणि शाळेतून मिळालेली भाषा, आवडीनिवडी आणि वागण्याची रीत, ते दुसऱ्या वर्षात तुम्ही परीक्षेसाठी वाचले असेल. आता तो भाग पुन्हा काढून वाचा, या वेळी त्या मुलाखतीची खोली डोळ्यांसमोर ठेवून. कामावरील नोंदींविषयीच्या उत्तरात वर सांगितलेल्या कारणांसाठी त्या उमेदवाराविषयी किंवा त्या कंपनीविषयी लिहिता येणार नाही. पण सर्वांसाठी खुल्या असलेल्या नोकरीच्या जाहिराती आहेत, आणि स्वेच्छेने बोलायला तयार होतील असे नुकतेच पदवीधर झालेले उमेदवार आहेत. एकाच क्षेत्रातील पन्नास जाहिराती घेऊन त्यांत ‘आमच्या संघात मिसळून जाणारा’ या अर्थाचे शब्द कोठे, कोणत्या पदांसाठी आणि कोणत्या इतर अटींच्या शेजारी येतात, एवढे पाहिले तरी प्रबंधाचे पहिले प्रकरण उभे राहते.

ऑक्टोबर संपण्याआधी हा प्रश्न एका पानावर लिहून मार्गदर्शकांकडे न्या. त्या पानावर सिद्धांताचा परिच्छेद शेवटी ठेवा, आणि आरंभी, कोणाचीही ओळख न देता, तुम्हाला जे खटकले ते दोन वाक्यांत लिहा.